कुत्र्यांचं सोवळं

"घाण मटणात न्हाई गं, घाण माशीत आहे," असं आमच्या घरमालकीणबाई म्हणायच्या. म्हणताना अंगावर विधवेचं तांबडं आलवण, ओठांवर रामनाम आणि हातात लोखंडी सांडशी. सांडशीत शेळीचं कच्चं काळीज. मी हे माझ्या डोळ्यांनी रोज पाहिलंय म्हणून सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच म्हणाले असते, "चल, काहीतरीच!"

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे हे जालन्याला कापसाच्या जिनात कारकून लागले आणि सासूबाईंसकट आम्ही परभणीकडून इथं आलो. जागा बघताना सासूबाईंची अट एकच, घर सोवळ्याचं पाहिजे. कांद्याचा नुसता वास आला तरी त्यांचं डोकं उठायचं. कुणीतरी या बाईंचं घर दाखवलं. केशवपन केलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, पहाटे थंड पाण्यानं न्हाणाऱ्या बाई. अंगण असं लख्ख, की सांडलेला भात उचलून खावा. सासूबाई तिथल्या तिथं म्हणाल्या, "ठरलं."

त्याच दुपारी ऊन कललं आणि मागच्या दारी डबा वाजला. खाटकाच्या घरची हमीदाबी मटण घेऊन आली होती. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या ज्या आत गेल्या, त्या दिवे लागेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. "ही बाई सोवळी का खाटकीण?" एवढंच म्हणाल्या. पण बिऱ्हाड लावून झालं होतं, आणि दुसरी जागा काय वाटेवर पडली होती!

बाईंची कुत्री दोन. म्हातारी हरणी आणि तिचा लेक बाज्या. कारवानी जातीची, उंच पायांची, पोट पाठीला लागलेलं, तोंड लांबुळकं. रस्त्यावरच्या कुत्र्यांसारखी उगाच भुंकायची नाहीत. तुमच्याकडं अशी बघायची की आपणच काहीतरी चुकलो असं वाटावं. बाईंचंही तसंच होतं म्हणा.

ही कुत्री आली बाईंच्या यजमानांमुळं. ते एका जहागीरदाराकडं मुनीम होते. गडी वरणभात खाणारा, पण कुत्र्यांचा भारी शौक. जहागीरदार एकदा खूश झाले नि त्यांनी शिकारीच्या कुत्र्यांतली ही हरणी पिल्लू असतानाच यांच्या पदरात टाकली. घरी आणल्यावर ती काय खाणार? ताक-भाकरी. महिन्या-दोन महिन्यांत तिचे केस झडले, अंगाला खरूज धरली. जहागीरदाराच्या कुत्र्यांचा रखवालदार बघायला आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "मुनीमजी, कुत्ते को बी बम्मन बना डाले क्या?" तेव्हापासून यजमान तिला घराबाहेर नेऊन कच्चं मटण घालायचे आणि न्हाऊन घरात यायचे.

मग यजमान गेले. तेराव्याला जमलेले भाऊबंद म्हणाले, आता ही ब्याद कुंडलिका नदीपलीकडं सोडून या. बाई आतून बाहेर आल्या. एरवी त्या पुरुषांसमोर यायच्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांनी जीव घरात आणला, तो माझ्याबी घरात आणला. सोडायचा न्हाई." आणि जिनं जन्मात कांदा चिरला नव्हता त्या बाईनं सांडशी उचलली. पहिल्या दिवशी ओकल्या. दुसऱ्या दिवशीही ओकल्या. "तिसऱ्या दिवशी मी ओकारीला सांगितलं, आता बास, मला कामं आहेत," असं त्या मला सांगायच्या. यात त्यांना काही विशेष केलंय असंही वाटायचं नाही. ठरवलं की ठरवलं, एवढंच त्यांचं शास्त्र.

मी एकदा म्हणाले, "बाई, निदान शिजवून तरी घाला. कच्चं बघवत न्हाई."

"तुला कुठं खायचंय?" त्या म्हणाल्या. "शिजवलेलं हाड कुत्र्याला आतून टोचतं. कच्चं हाड त्याच्या दातांखाली बराबर मोडतं. जे ज्याचं खाणं, ते त्याला द्यावं. त्याला भाकरी चारून आपण सोवळं मिरवायचं नि त्याची खरूज बघत बसायचं, हे कसलं गं सोवळं?"

आणि सोवळं म्हणाल तर त्या कुत्र्यांच्या जेवणाइतकं कडक सोवळं मी भल्या भल्या सोवळेकऱ्यांकडं पाहिलं नाही. अंगणाच्या पार टोकाला, लिंबाच्या सावलीबाहेर उन्हात, दोन शहाबादी फरश्या होत्या. हरणीची एक, बाज्याची एक. आधी फरशीवर उकळतं पाणी. मग बाई धुतलेल्या हातांनी सांडशी धरून मटण मांडायच्या. हरणीला आधी, मग बाज्याला. म्हातारं माणूस आधी जेवतं, त्यांच्या घरची रीतच ती. "खा" म्हटल्याशिवाय दोघं मान हलवायची नाहीत. खाऊन झालं की उरलेला तुकडा लगेच खड्ड्यात, वर चुना. फरशी राखेनं घासायची, पुन्हा उकळतं पाणी. सांडशी अंगणातल्या वेगळ्या चुलीच्या विस्तवात लाल करून घ्यायची. कुत्र्यांची तोंडं ओल्या फडक्यानं पुसायची आणि ते फडकंही उकळायचं. त्या कामाचं आलवण वेगळं, ते वाळायची दोरी वेगळी. शेवटी बाई स्वतः डोक्यावरून पाणी घ्यायच्या आणि मग तुळशीशी दिवा. सासूबाई सुरुवातीला नाक दाबून बघायच्या, पुढं नुसत्याच बघायला लागल्या.

हमीदाबीशी बाईंचं रोजचं भांडण असायचं. बाई सांडशीनं झाकण उचलून डब्यात बघायच्या.

"हमीदाबी, हे आजचं न्हाई."

"अल्लाकसम बाई, फजर को कटा!"

"फजर को कटा आणि दुपारपर्यंत उघड्यावर टांगला. कड बघ कशी काळी पडून राह्यली. परत ने."

हमीदाबी डबा उचलून पुटपुटत जायची. जाताना मला म्हणायची, "सारे जालने में खानेवाले इत्ता नै देखते, जित्ता ये नै खानेवाली देखती!" पण तास-दोन तासांत ताजं घेऊन जल्दी जल्दी परत यायची. कारण बाईंनी एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही.

माझी फजिती झाली ती याच डब्यावरून. एकदा बाई न्हाणीत होत्या आणि हमीदाबी दारात घाईनं उभी. "बहू, ये जरा पकड लो, घर में मेहमान हैं." मी कणीक मळत होते, तशीच उठले. श्वास रोखला, मान फिरवली, डबा घेऊन ओट्यावर ठेवला. झाकण घसरलं, ते बसवलं. जन्मात पहिल्यांदा मटणाच्या डब्याला हात लागला होता!

बाई बाहेर आल्या. झाकणाकडं बघून म्हणाल्या, "याला कुणी हात लावला?"

"मी, बाई. आता लगेच न्हाऊन घेते."

"तू न्हाशील गं, पण त्या मटणाचं काय? कणकीचे हात झाकणाला पुसलेस. पीठ लागलं तिथं माशी बसल. बाटवलंस ना सगळं!"

मी आ वासून बघतच राहिले. मी, सात पिढ्यांची शाकाहारी, आणि मी मटण बाटवलं! बाईंनी मला कोपरापर्यंत राखेनं हात धुवायला लावले, डब्यावर उकळतं पाणी ओतलं, आणि परत हात लावायचा तर आधी हात धुवायचे असं बजावलं. आत सासूबाई हसत होत्या. त्या घरात आल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या, आणि अशा हसल्या की ठसका लागला.

हे नियम कुत्र्यांपुरते राहते तर गोष्ट वेगळी. पण ते आमच्या स्वयंपाकघरातही घुसले. माठात हात घालायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवायचं. दुधावर ओलं फडकं. बाळाला उकळलेलंच पाणी. माझी पोर तेव्हा रांगायला लागली होती. ती कुत्र्यांकडं निघाली की बाई तिला उचलायच्या, आणि बाज्यालाच रागवायच्या, "तोंड चाटायचं न्हाई, सांगितलंय ना?" सासूबाई म्हणायच्या, "घरमालकीण आहे का सासू? मला एक सासू होती तेवढी पुरे झाली." म्हणायच्या आणि गुपचूप दुधावर फडकं टाकायच्या.

गल्लीला मात्र बाईंचं हे काही पचत नव्हतं. मागं त्यांना 'कुत्रेवाल्या बाई' म्हणायचे. समोरच्या घरातले अप्पा हे गल्लीतलं वडीलधारं माणूस. आडतीचं दुकान, भारदस्त आवाज, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता, पण बाई दिसल्या की त्यांची जीभ वळवळायची. "बाई, गल्लीत खाटीकखाना मांडून राह्यल्या तुम्ही!"

"अप्पा," बाई पदर सावरून म्हणायच्या, "तुमच्या मोरीवरच्या माशा माझ्याकडं जेवायला येतात. त्यांना आधी घरी सांभाळा."

मग आला तो ज्येष्ठ. ऊन असं की अंगणात पाय टेकवेना, आडाचं पाणी तळाला गेलेलं. सगळ्या गल्लीला तो एकच आड, बाईंच्या मागच्या भिंतीपासून जवळ. आणि गावात पटकीची साथ शिरली. आज या गल्लीत, उद्या त्या गल्लीत. आमच्या गल्लीत पहिली गेली ती अप्पांची धाकटी भावजय. सकाळी अंगण झाडत होती आणि दुसऱ्या दिवशी तिला तिरडीवर बांधली. माझ्याच वयाची होती. पोरीला छातीशी धरून मी नुसती बसून राहिले.

तिला घेऊन माणसं नदीकडं गेली, बायका अप्पांच्या घरात रडत बसल्या. तेवढ्या वेळात बाईंनी हमीदाबीच्या हाती निरोप धाडून बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, सफाई दरोगा बोलावला. तो आला, त्यानं बादलीत काहीतरी जांभळट खडे विरघळवले आणि आडात ओतले. "ये लाल दवा है, बाई. सुबह पानी गुलाबी दिखेगा, डरना नै. बिलकुल पी सकते." असं म्हणून तो लगबगीनं बदनापूरला गेला, तिकडंही साथ होतीच.

मी म्हणाले, "बाई, गल्लीला सांगायचं न्हाई का?"

"विचारलं तर न्हाई म्हणतील. मंग भांडत बसू, का पाणी साफ करू?"

बाईंचा हा हेका मला त्या दिवशीही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. माणसांना सांगावं. पण फरशीवर उकळतं पाणी ओतताना त्या फरशीला विचारत नव्हत्या, तसंच हे.

सकाळी आडावर किंकाळी उठली. "अगं बाई, रक्त!"

सगळी गल्ली धावली. बादलीतलं पाणी खरंच लालसर होतं. काल मयत झालेलं, मनं आधीच भ्यालेली. एकानं बाईंच्या मागच्या भिंतीकडं बोट केलं आणि बास! कुणी म्हणालं, मटणाचं पाणी झिरपलं. कुणी म्हणालं, फरश्या धुतलेलं पाणी बाईंनी आडातच ओतलं. मरीआई उगीच कोपली का, असंही कुणीतरी म्हणालं. अप्पा सुतकात होते म्हणून आडाला न शिवता लांब उभे होते. डोळे रडून सुजलेले.

"माझ्या घरची लक्ष्मी गेली," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "आता कुणाची वाट बघता? ती कुत्री आजच्या आज गल्लीबाहेर. न्हाईतर बाईंना हा आड बंद. आणि दोर घ्या रे, आड उपसा. रक्ताचं पाणी ठेवू नका."

मला राहवलं नाही. "अप्पा, ती दवा आहे. दरोगा आल्ता काल, मी पाह्यलं!"

"तू गप बस गं सूनबाई. त्यांच्या घरात ऱ्हाती, त्यांचंच बोलशील."

पोरं बादल्या-दोर घेऊन वाकली, तेवढ्यात बाई आल्या. आड आणि पोरांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"रक्त न्हाई. दवा आहे. मीच टाकायला लावली," त्या म्हणाल्या. "रक्त असतं तर माझा बाज्या वासानं कालच आडात उडी मारून बसला असता. प्या पाणी."

"मंग तुम्ही प्या ना!" मागून कुणीतरी ओरडलं. "आधी तुम्ही प्या!"

"हो, प्या!" अप्पाही म्हणाले.

तेव्हा एक म्हातारी हळूच म्हणाली, "अहो, आज त्यांची निर्जळी एकादशी आहे."

वर्षातली ही एक एकादशी बाई थेंबभर पाण्याशिवाय करायच्या. यजमान गेल्यापासून एकदाही चुकली नव्हती. मागल्या वर्षी अंगात फणफणून ताप होता, तरी सासूबाईंनी पुढं केलेलं पाणी त्यांनी हातानं लोटलं होतं. त्यांना कुत्रेवाल्या बाई म्हणणाऱ्या बायकासुद्धा या दिवशी त्यांच्या पाया पडून जायच्या. बाईंनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही जपलं असेल तर हे एवढंच.

अप्पा वरमले. "मंग ऱ्हाऊ द्या, बाई. तुमचं व्रत मोडायचं पाप मला नको. उद्या प्या. तवर आम्ही उपसून घेतो."

"उपसल्यावर दवा कुठली ऱ्हाती, अप्पा?" बाई म्हणाल्या. "आणि दिवसभर गल्ली काय पिणार? नदीचं? नदीला पाणी कुठाय, डबकी आहेत. त्या डबक्यात काल काय काय धुतलं, ते तुम्हाला ठावं आहे."

अप्पांनी मान खाली घातली. त्यांच्या भावजयीचं अंथरूण-पांघरूण तिथंच धुतलं होतं.

"पोरी, बादली वर घे," बाई मला म्हणाल्या.

मी ओढली. "बाई, नका," मी म्हणाले. "मी पिते. माझी काय एकादशी न्हाई."

"तू प्यालीस तर म्हणतील, भाडेकरू आहे. ओत."

आडापासून बाजूला जाऊन त्यांनी आधी हात धुतले. हो, तेव्हासुद्धा! मग ओंजळ धरली. तळहातात ते पाणी फिकं लाल दिसत होतं. बाईंनी डोळे मिटले. "देवाला मी सांगीन काय सांगायचं ते," असं म्हणाल्या आणि प्याल्या.

डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. ते दवेच्या चवीनं नव्हते, एवढं मला कळत होतं. मला तर हुंदकाच फुटला. मग अप्पा म्हणाले, "दोर खाली ठेवा रे. पाणी भरा." आणि बाईंकडं न बघता घरात गेले.

पहिली घागर मी भरली. पाणी उकळलं, निववलं, आणि पोरीला पाजलं. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या, पण अडवलं नाही.

साथ त्या ओंजळीनं गेली, असं मी म्हणणार नाही. साथ आपल्या पायानं येते, आपल्या पायानं जाते. आमच्या गल्लीत पुढं आणखी कुणी गेलं नाही, एवढं खरं. आड उपसला नाही, कुत्री कुठं गेली नाहीत, आणि त्यांचं नाव परत कुणी काढलं नाही. अप्पांच्या मोरीवर दुसऱ्याच दिवशी चुना पडला.

पण मला जे आठवतं ते त्याच दिवशीचं, दुपार कलल्यावरचं. बाई मागच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं, आणि त्या एका ओंजळीनंतर त्यांनी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, मोडलीच आता, घ्या की दोन घोट." त्या म्हणाल्या, "मोडली ती गल्लीसाठी मोडली. राहिलेली माझी आहे."

हमीदाबी डबा घेऊन आली. तिलाही सगळं कळलं होतं. ती नेहमीसारखी भांडली नाही, डबा ठेवून नुसती उभी राहिली. हरणी आणि बाज्या आपापल्या फरशीशी जाऊन बसली. त्यांना कशाची एकादशी! बाई उठायला गेल्या आणि त्यांचा तोल गेला. मी धरलं, परत बसवलं. हातात सांडशी धरवेना.

मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. मी घालते."

सासूबाई खिडकीत होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही, नाक दाबलं नाही. "उकळतं पाणी मी आणते," एवढंच म्हणाल्या.

मी सांडशी उचलली आणि डब्याचं झाकण काढायला वाकले. वास आला, पण मी मागं सरले नाही. मागून बाईंचा आवाज आला. बारीक झाला होता, पण तोच होता.

"हात धुतलेस का?"

"धुतले, बाई."

"राखेनं?"

"राखेनं. कोपरापर्यंत."

"मंग घाल," बाई म्हणाल्या, आणि भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. "हरणीला आधी."